उशिराचे दोन रुपये

पाळणाघर काढायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. डोंबिवली पूर्वेला आमची पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा होती. मुलगा शाळेत जायला लागला होता आणि ह्यांच्या ठाण्याच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला होता. ऐंशीच्या पुढची तीन-चार वर्षं झाली असतील. एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरची वहिनी तीन महिन्यांची मुलगी घेऊन आमच्याकडे आली. ती फोर्टला बँकेत होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि सासूबाई गाव सोडून यायला तयार नव्हत्या.

"तुम्ही घरीच असता," ती म्हणाली. "हिला ठेवाल का सकाळपासून संध्याकाळपर्यंत?"

मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, "किती घ्याल?"

या प्रश्नाचं उत्तर मला कोणी शिकवलं नव्हतं. माझं माहेर कल्याणचं, जुन्या गावातलं. तिथे शेजारणीचं मूल दिवसभर आपल्या घरी असलं तर त्याचे पैसे घेतात हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. पैसे मागायची मला लाज वाटली, आणि नको म्हणण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती. मी म्हटलं, "द्या काय द्यायचं ते."

तिने महिन्याचे साठ रुपये ठरवले. ठरवले म्हणजे तीच बोलली आणि मी मान हलवली. पहिल्या महिन्याचे साठ हातात आले तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. लग्नानंतर माझ्या हातात माझे म्हणून आलेले ते पहिले पैसे.

एकीचं बघून दुसरी आली, मग तिसरी, चौथी. प्रत्येकीने विचारलं, प्रत्येकीला मी तेच सांगितलं. त्यामुळे कोणी साठ देत होतं, कोणी पंचाहत्तर, एक शिक्षिका होती ती ऐंशी द्यायची आणि सरकारी दवाखान्यातली एक नर्स पन्नास. नर्सचा नवरा वारला होता. कोण किती देतं हे मी एकीचं दुसरीला कळू देत नसे. जिन्यात दोघी आया बोलत उभ्या राहिल्या की मी काहीतरी निमित्त काढून मध्ये जायची.

बँकेतल्या वहिनीची मुलगी मात्र माझी लाडकी होती. सगळ्यांत आधी आलेली, आणि सगळ्यांत लहान. तिला मी तेल लावून न्हाऊ घालायची, खिमट भरवायची, माझ्या जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपवायची. तिने पहिलं पाऊल आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी टाकलं. मी तिच्या आईला सांगितलं नाही. म्हटलं, घरी जाऊन ती चालेल, आईला वाटेल आत्ताच पहिल्यांदा चालली. दोन दिवसांनी वहिनी धावत खाली आली, डोळ्यांत पाणी, "आज चालली बघा." मी म्हटलं, "हो? अरे वा." मला त्या वेळी स्वतःचं फार कौतुक वाटलं. आज कळतं की मनातल्या मनात मी ते तिच्या नावावर उपकार म्हणून लिहून ठेवलं होतं.

असे बरेच उपकार मी लिहून ठेवले होते. वहिनीने यायचं ठरलं होतं सातला. ती आठवड्यातून दोनदा तरी पावणेआठला यायची, कधी सव्वाआठला. दारात उभी राहून म्हणायची, "सॉरी हं, फार उशीर झाला." मी म्हणायची, "असू दे, त्यात काय." असं म्हणताना माझ्या हातातली भांडी मोठ्याने वाजायची, पोळीची कणीक आपटली जायची, आणि मुलीची पिशवी मी तिच्या हातात न देता खाली ठेवायची. तोंडाने मी एक शब्द बोलत नसे. आपण किती समजूतदार आहोत असं मला वाटायचं.

तीन वर्षं अशी गेली. मग समोरच्या बिल्डिंगमध्ये ती राहायला आली.

तिचा नवरा विमा कंपनीत होता. ती माझ्याच वयाची, तिशी-बत्तिशीची, काठाची कडक सुती साडी नेसणारी, बालवाडीचा कोर्स केलेली. येऊन महिना झाला नाही तर तिच्या गॅलरीला पाटी लागली, "पाळणाघर", रंगाऱ्याकडून करून घेतलेली. दाराच्या आत एक कागद चिकटवला होता, तो मी आमच्या शेजारणीकडून ऐकला, कारण मी स्वतः बघायला जाणं शक्य नव्हतं. महिन्याचे दीडशे रुपये. पाच तारखेच्या आत, आगाऊ. रविवारी आणि सणाला बंद. मूल काढायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं. आणि संध्याकाळी सातनंतर दर अर्ध्या तासाला दोन रुपये.

"उशिराचेसुद्धा पैसे," शेजारीण म्हणाली.

आम्ही दोघी खूप हसलो. मी म्हटलं, "हॉटेल आहे की पाळणाघर? कोण जाणार हिच्याकडे?"

जाणारे गेले. पहिल्या महिन्यात तीन, दिवाळीपर्यंत सात. हे मला माहीत होतं, कारण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची गॅलरी सरळ दिसायची आणि मी रोज दोरीवरचे लंगोट मोजायची. लंगोटांवरून बाळं किती ते कळायचं आणि दारातल्या चपलांवरून मोठी मुलं. दुपारी एकच्या सुमारास तिच्या घरचा आवाज एकदम बंद व्हायचा. तीन वाजेपर्यंत सगळी पोरं झोपलेली. माझ्याकडे एक झोपलं की दुसरं उठायचं. त्या शांत दोन तासांत ती गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसायची. मला तिच्या दीडशे रुपयांचा जेवढा राग नव्हता तेवढा त्या पेपराचा होता.

मुलं तिला "बाई" म्हणायची. मला "मावशी" म्हणायची. पूर्वी मला ते गोड वाटायचं. आता वाटायला लागलं, मावशी म्हणजे फुकटची.

मी तिचा द्वेष करत होते का? द्वेष हा मोठा शब्द आहे. मला ती नकोशी नव्हती, उलट मला ती सतत हवी होती, डोळ्यांसमोर. तिने काय केलं, काय नेसली, तिच्याकडे कोण आलं. ह्यांना मी जेवताना तिच्याबद्दल सांगायची. एकदा हे म्हणाले, "तूही दीडशे घे की मग." मी चिडले. म्हटलं, "मी पैशासाठी करते का?" ह्यांनी आमटीत चमचा ढवळला. मी पैशासाठीच करत होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या जूनमध्ये बँकेतल्या वहिनीने मला सांगितलं की ती मुलीला समोर घालणार आहे.

तोपर्यंत माझे साठाचे नव्वद झाले होते, तेही तिनेच आपणहून वाढवलेले. मुलगी चार वर्षांची होत आली होती. मी दूध गाळत होते, ते गाळतच राहिले. म्हटलं, "दीडशे घेते ती."

"माहीत आहे."

"मी कधी वाढवून मागितलेत का तुमच्याकडे?"

"नाही मागितलेत," ती म्हणाली. "वहिनी, राग मानू नका. तिथे मला उशीर झाला तर दोन रुपये द्यायचे आणि मोकळं व्हायचं. तुमच्याकडे उशीर झाला की स्टेशनापासून इथपर्यंत माझ्या छातीत धडधडतं. तुम्ही काही बोलत नाही, पण तुमचा चेहरा बघावा लागतो. तीन वर्षं मी तो बघतेय. दोन रुपये मला स्वस्त पडतील."

ती गेल्यावर मी दरवाजा लावला आणि रडले. तिने मला समजावून सांगितलं होतं, आणि आज मला ते समजतं. त्या दिवशी मात्र मला एवढंच ऐकू आलं की मुलगी तिच्याकडे जाणार.

पहिले काही दिवस मुलगी जिन्यातून उतरताना आमच्या दाराशी थांबायची, "मावशी, टाटा" म्हणायची. पंधरा दिवसांनी ती थांबेनाशी झाली. खिडकीतून मी तिला समोरच्या गॅलरीत बघायची. बाईच्या पदराचं टोक धरून ती गाणं म्हणत असायची. ते गाणं मी शिकवलेलं नव्हतं.

मग मी जे केलं ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्या आवारात दुधाच्या केंद्रावर सकाळी आया भेटायच्या. समोर मूल ठेवणारी एकजण तिथे म्हणत होती, माझा मुलगा घरी दुपारचा झोपतच नाही, तिथे कसा दोन तास झोपतो. मी पिशवी सावरत म्हटलं, "मलाही नवल वाटतं. आठ पोरं, आणि एक वाजला की सगळी एकदम झोपतात. काय देते कोण जाणे."

एवढंच म्हटलं. ग्राईप वॉटर म्हटलं नाही, अफू म्हटलं नाही. मला दुसरं काही म्हणायची गरजच नव्हती. माझ्या एका वाक्याला चार दिवसांत हातपाय फुटले. त्या आठवड्यात शेजारणीने माझंच वाक्य मला येऊन सांगितलं, त्यात आता बाटली होती, चमचा होता आणि बाटलीचा रंगसुद्धा होता. मी म्हटलं, "बाई गं. खरं की काय?"

महिनाअखेरीला तिच्याकडच्या दोघीजणी माझ्याकडे आल्या. एकीला मुलगा होता, दुसरीला तीन वर्षांची मुलगी. त्यांनी विचारलं, किती घ्याल. या वेळी मी "द्या काय द्यायचं ते" म्हटलं नाही. मी म्हटलं, "सत्तर." तिच्या निम्म्याहून कमी. तिला कळावं म्हणून मी दारात उभं राहून मोठ्याने म्हटलं.

खाडीवरून येणारी आमची कोळीण त्या वेळी जिन्यात पाटी उतरवून बसली होती. दर बुधवारी ती यायची आणि मी तिच्याशी तासभर घासाघीस करायची. त्या दोघी गेल्यावर ती म्हणाली, "बाय, तू पोरा सांभालतंस का म्हावरा इकतंस?"

"का गं?"

"म्हावरा सांजला सस्ता करतान. रातचा नासल म्हनून. पोरांचा काय नासतंय?"

मी तिला म्हटलं, तू बोंबील किती लावलेस ते सांग. पण ते मनात राहिलं.

सत्तर रुपयांचा बोभाटा झाला आणि माझ्याकडे आणखी तीन मुलं आली. आता माझ्याकडे नऊ होती. दोन खोल्या, एक मोरी, एक झोळी, दोन पाळणे. पाणी यायचं सकाळी तासभर, उन्हाळ्यात तेही कमी. मी सकाळी पाचला उठून भात-वरणाचा कुकर लावायची आणि संध्याकाळी शेवटचं मूल गेलं की भिंतीला टेकून बसायची, तशीच. माझा स्वतःचा मुलगा शाळेतून आला की त्याला बसायला जागा नसायची. तो शेजारणीकडे जाऊन अभ्यास करायचा. एकदा त्याने मला विचारलं, "आई, तू मला पण सांभाळशील का? मी सत्तर देतो." ह्यांना हसू आलं. मला नाही आलं.

तरी मी खूश होते, असं मला वाटत होतं. तिच्या दोरीवर आता चारच लंगोट असायचे.

एका गुरुवारी दुपारी नर्सच्या मुलीला ताप भरला होता. तिला मी मांडीवर घेऊन पट्ट्या ठेवत बसले होते आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला. किती वेळ ते सांगता येत नाही. पंधरा मिनिटं असतील. जागी झाले तेव्हा पुढचा दरवाजा उघडा होता. वाऱ्याने उघडला की मुलांनी, ते कळलं नाही. मी मुलं मोजली. आठ होती. परत मोजली. समोरून आलेली ती तीन वर्षांची मुलगी नव्हती.

मोरीत बघितलं, खाटेखाली बघितलं, पाण्याच्या पिंपात हात घालून बघितलं. पिंपात हात घालताना जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. शेजारणीला मुलांजवळ बसवून मी तशीच अनवाणी खाली धावले. खाली रस्ता होता, रिक्षा जात होत्या, पलीकडे ड्रेनेजसाठी खणून ठेवलेला चर होता. मी चराच्या कडेने वाकून बघत गेले.

वरून हाक आली. "वहिनी, इकडे आहे."

ती गॅलरीत उभी होती, आणि मुलगी तिच्या कडेवर.

मी तिचा जिना पहिल्यांदा त्या दिवशी चढले. मुलगी पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून, सवयीने जुन्या जागी गेली होती. तिथे तिच्या ओळखीची पोरं होती. ती मजेत पेरू खात होती. मला बघून म्हणाली, "मावशी झोपली."

मी खाली बसले. बाईने मला पाणी दिलं. मग मुलीला शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि ती परत येऊन माझ्यासमोर बसली. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ते झोपायच्या औषधाचं," ती शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडून निघालं ना?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी काही देत नाही. सकाळी दहा ते बारा त्यांना पळवते, खेळवते, गच्चीवर नेते. साडेबाराला जेवण. एकला पडदे ओढते. दमलेलं पोर झोपतं. तुम्हाला कुठे गच्चीवर नेणं जमणार, नऊ पोरं घेऊन?"

"आठ," मी म्हटलं. "आज आठच राहिली."

तिला हसू आलं. मग तिने मला विचारलं, "तुम्ही सत्तर कसे काढलेत?"

"तुमच्यापेक्षा कमी म्हणून."

"आणि आधीचे साठ?"

"ते तिनेच ठरवले होते."

ती उठून एक पाटी घेऊन आली, मुलांची दगडी पाटी, आणि पेन्सिल. तिने मला विचारून विचारून लिहिलं. एका मुलामागे दूध किती, रॉकेल किती, तांदूळ, साबण. ते सगळं सत्तरातून वजा केलं. उरले ते सव्वीस दिवसांत वाटले, मग दिवसाच्या बारा तासांत. खाली एक आकडा आला, सहा पैसे की सात पैसे, आता नक्की आठवत नाही. माझ्याकडे भांडी घासायला बाई येत नव्हती, पण शेजारणीकडे यायची. तिचा तासाचा हिशेब याच्या कितीतरी पट होता.

"तुम्ही सात पैशांत पोर सांभाळता," ती म्हणाली, "म्हणून आया मला लुटारू म्हणतात. आणि सात पैशांत ते परवडत नाही म्हणून तुम्हाला नऊ घ्यावी लागतात. नऊ घेतली की डोळा लागणारच. मी सहाच्या वर घ्यायची नाहीत असं ठरवलं होतं. आठ झाली तेव्हा माझीसुद्धा चूक झाली होती."

मी पाटीकडे बघत होते. तिचं अक्षर सुरेख होतं. एवढं सगळं झालेलं असताना मला त्या अक्षराचा हेवा वाटला. तिच्या फळीवर प्रत्येक मुलाचा वेगळा डबा होता, नावाची पट्टी लावलेली, त्याचाही वाटला.

"आपण एकच ठेवू," ती म्हणाली. "दोघींचा एक दर. मग ज्याला जे घर जवळ वाटेल, जी बाई आवडेल, तिथे जाऊ दे."

आम्ही एकशे तीस ठरवले. ती वीस खाली आली, मी साठ वर गेले. सहा मुलं, त्याच्या वर नाही. उशिराचे दोन रुपये दोघींनी घ्यायचे.

"आणि नर्स?" मी विचारलं. "ती एकशे तीस कुठून देणार?"

"तिच्याकडून पन्नासच घ्या. पण तिला सांगून घ्या, की दर एकशे तीस आहे आणि तुमच्यासाठी मी पन्नास ठरवले आहेत. न सांगता कमी घेतलं की आपण मनात ठेवतो, आणि मग एक दिवस ते तिच्यावर काढतो." मग ती म्हणाली, "माझ्याकडे एक मुलगा तसाच येतो. त्याचे मी काहीच घेत नाही. कोणाला बोलू नका."

कोणाला बोलणार? मी पन्नास घेत होते आणि त्याचा मला केवढा अभिमान होता. हिने तिथेही मला मागे टाकलं होतं. मी मुलीला घेऊन जिना उतरताना देवाला हात जोडले, आणि पुढच्याच पायरीवर मनात म्हटलं, फुकट ठेवते म्हणे.

त्या संध्याकाळी मी त्या मुलीच्या आईला सगळं सांगितलं. दार उघडं राहिलं, माझा डोळा लागला, मुलगी समोर सापडली. औषधाचं बोलणं माझ्याच तोंडून निघालं आणि ते खोटं होतं, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिने मुलीला परत समोर घातलं. ते योग्यच होतं.

दुसरी, जिचा मुलगा समोरून माझ्याकडे आला होता, तिला मी औषधाचं सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःशी म्हणत होते. राहिलं नव्हतं. तिने एकशे तीस बिनतक्रार कबूल केले होते आणि मला ते हवे होते.

दर वाढवायचं सांगताना माझी जीभ अडखळली. शिक्षिका म्हणाली, "उशीरच केलात तुम्ही." दोघींनी मुलं काढली आणि स्वस्त जागा बघितली. नर्सला मी शिकवल्यासारखं सांगितलं, दर एकशे तीस, तुमचे पन्नास. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला वाटायचं सगळ्यांचे पन्नासच आहेत." त्यानंतर ती कधी रिकाम्या हाताने आली नाही. कधी कापूस, कधी तापाच्या गोळ्या. पहिल्यांदा एकीकडून उशिराचे दोन रुपये घेतले तेव्हा माझे कान गरम झाले. पण गंमत अशी झाली की तिच्याशी मग मला नीट बोलता आलं. चहा घेणार का, असं मी विचारलं, आणि ती आत येऊन बसली. तीन वर्षांत बँकेतली वहिनी एकदाही माझ्याकडे अशी टेकली नव्हती.

आम्ही मैत्रिणी झालो असं मी म्हणणार नाही. दर वर्षी जूनच्या आधी आम्ही दहा मिनिटं भेटायचो आणि दर ठरवायचो. एकशे साठ, दोनशे, दोनशे चाळीस. ती आकडा सांगायची, मी पाच-दहा रुपये इकडे तिकडे करायची, माझंही काही चालतं हे दिसावं म्हणून. तिच्याकडे मुलांची यादी लागायची, पुढच्या वर्षीसाठी आतापासून. माझ्याकडे जागा असायची. दर सारखा झाल्यावर एक गोष्ट उघडी पडली होती. आता मला म्हणायला जागा नव्हती की मी स्वस्त आहे म्हणून हलकी वाटते. लोक तिला निवडत होते ते तिच्यासाठी. मुलं माझ्याकडे जीव लावायची, ते खरंच, पण आया तिच्याकडे निश्चिंत व्हायच्या. निश्चिंतीलाच किंमत असते, हे मला उशिरा कळलं, आणि कळूनही आवडलं नाही.

नव्वदनंतर दोन-तीन वर्षांनी तिच्या नवऱ्याने ठाण्याला खोपटच्या बाजूला मोठी जागा घेतली आणि ती गेली. जाताना तिने तिची यादी मला दिली. यादीतल्या पाचजणी माझ्याकडे आल्या. पाटी उतरवली त्या दिवशी गॅलरीच्या कठड्यावर तिचे फक्त चार खिळे राहिले. मी कितीतरी दिवस भाजी चिरताना तिकडे बघत असे. तिथे आता एक नवरा-बायको राहायचे, दोघं नोकरीला, दोरीवर काही नाही. काम करताना माझं मन रमेना. कोणाच्या पुढे जायचं तेच राहिलं नव्हतं.

पुढे चार-पाच वर्षांनी खोपटला एस.टी.च्या स्टँडवर ती मला भेटली. मी नाशिकच्या गाडीची वाट बघत होते, ती कोणाला तरी सोडायला आली होती. केस पिकले होते, साडी तशीच कडक. आम्ही बाकावर बसलो. तिने तिकडेही पाळणाघर काढलं होतं, मदतीला दोन बायका ठेवल्या होत्या. माझ्या मुलाचं विचारलं, ह्यांचं विचारलं. मग सहज म्हणाली, "आता किती घेता?"

मी तेव्हा चारशे घेत होते.

"पाचशे," मी म्हटलं.

"डोंबिवलीत पाचशे देतात? छान." ती मनापासून म्हणाली. "मी साडेपाचशे घेते. ठाणं आहे म्हणून."

तिची माणसं गाडीत बसली, ती खिडकीशी बोलायला गेली, आणि तेवढ्यात माझी गाडी लागली. नाशिकपर्यंत मी मनात पाटी मांडून बसले होते. दूध, गॅस, तांदूळ, मदतीला ठेवलेल्या बाईचा पगार, वीज. सगळं वजा करून बघितलं तर चारशेमध्ये मला खरंच परवडत नव्हतं. दोन वर्षांपासून परवडत नव्हतं, आणि मी मोजलं नव्हतं, कारण समोर कोणी नव्हतं.

पुढच्या महिन्यापासून मी पाचशे घ्यायला लागले. एक आई थोडी कुरकुरली, बाकीच्यांनी पाकिटात पाचशे आणून दिले. ह्यांनी विचारलं, "एकदम शंभर वाढवलेस? काय झालं?"

मी म्हटलं, "दूध महागलं."

दूध त्या महिन्यात महागलं नव्हतं.